मुलाखतीत "तुमची बलस्थानं सांगा" म्हटलं तर काय बोलावं?

डिप्लोमा मेकॅनिकल झालंय, वाळूजला क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी मुलाखत आहे, बलस्थानं कोणती सांगू, असं तुम्ही विचारलंय.

'मी मेहनती, प्रामाणिक, वेळ पाळणारा' हे नको. तुमच्या आधीचे सगळे तेच बोलून गेलेले असतात आणि त्यातलं काही तिथं तपासता येत नाही.

जाहिरात पुन्हा वाचा, त्यातली दोनच कामं निवडा आणि प्रत्येकाला पुरावा जोडा: काम काय होतं, तुम्ही काय केलं, त्यानं काय बदललं. उदाहरणार्थ: 'माझं मापन पक्कं आहे. अप्रेंटिसशिपमध्ये टर्निंग झालेल्या शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरनं तपासायचो. एका लॉटमध्ये माप हळूहळू वरच्या मर्यादेकडे सरकत होतं, लगेच सुपरवायझरांना दाखवलं. इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) झिजलेला निघाला. पीस रिजेक्ट व्हायच्या आधीच बदलला.' एवढ्याला मिनिटभर पुरतं.

पण हेच वाक्य उचलू नका, स्वतःचं काम सांगा. कारण उलट प्रश्न येणारच. मायक्रोमीटर म्हटलं की लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारतील (साध्या मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी), झीरो एरर (बंद असताना शून्य न दाखवण्याची चूक) कशी बघता हे विचारतील, कधी मोजायला एखादा पार्टच हातात देतील. पाठ केलेलं उत्तर तिथंच उघडं पडतं.

अनुभव नसेल तर कॉलेजचा प्रोजेक्ट चालतो, शेतातल्या मोटारीचा स्टार्टर स्वतः दुरुस्त केला असेल तर तोही सांगा. इंग्रजीत अडखळायला लागलात तर 'सर, मराठीत सांगू का?' असं सरळ विचारा.