चुका पोटात घालेल अशी गाडी घे

बेटा,

तुझा फोन आला तेव्हा मी वावरात होतो, म्हणून धड बोलता आलं नाही. नोकरीचा आदेश आला, कारंजा घाडगे तालुक्यातला गुरांचा दवाखाना मिळाला आणि आता गावोगाव फिरायला गाडी पाहिजे, हे तू एका दमात सांगितलंस. दादा म्हणतो दोनशे सीसीची घे, बाबा म्हणतात घरची स्कूटी आहे तीच चालव. आणि शेवटी म्हणालीस, "काका, तुम्ही सांगाल ती घेते." एवढा भरवसा टाकलास, म्हणून सवडीने लिहायला बसलो.

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून तीस वर्षं याच भागात फिरलो. आधी सायकलवर, मग मोटारसायकलवर. पाठीमागे लसीचा बर्फाचा डबा, बाजूला कृत्रिम रेतनाच्या कांड्यांचा नायट्रोजनचा कंटेनर. म्हणून तुझे रस्ते मला ठाऊक आहेत. डांबरी संपली की गिट्टी, गिट्टी संपली की पांदण, आणि पांदणीच्या शेवटी कोणाच्या तरी गोठ्यात अडलेली गाय.

बाबांची स्कूटी इथे चालायची नाही. स्कूटीची चाकं दहा-बारा इंची, मोटारसायकलची सतरा-अठरा. गिट्टीच्या ज्या खड्ड्यातून अठरा इंची चाक नुसतं हेलकावून बाहेर येतं, त्यात दहा इंची चाक अडकून बसतं. म्हणजे मोटारसायकल घ्यावी लागेल, यात मला शंका नाही. प्रश्न कोणती घ्यायची हा आहे, आणि त्याचं माझं उत्तर आधीच सांगतो: तुझ्या चुका पोटात घालेल ती घे. पहिल्या वर्षात चुका होणारच. माझ्या झाल्या, दादाच्याही झाल्या असतील, तो सांगणार नाही.

माझी चूक तुला सांगतो. घरी फार कोणाला सगळी माहीत नाही.

१९९२ चा पावसाळा. माझ्या वरच्या साहेबांकडे हिरो होंडाची सीडी १०० होती, ते म्हणाले तीच घे. मी ऐकलं नाही. यामाहाची जुनी आरएक्स १०० घेतली, कारण तेव्हा प्रत्येक पोराला तीच पाहिजे होती. आता बघ, दोन्ही गाड्या शंभर सीसीच्याच. पण सीडी १०० ची ताकद सातेक हॉर्सपॉवर, तीही सावकाश हाताशी येणारी. आरएक्स टू-स्ट्रोक, वजन जेमतेम शंभर किलो आणि ताकद अकरा हॉर्सपॉवर. मनगट थोडं जास्त फिरलं की पुढे झेप. म्हणून नुसतं सीसी विचारू नकोस. ताकद किती, वजन किती आणि ती ताकद कशी येते, हे विचार.

संध्याकाळी निरोप आला की एका शेतकऱ्याची गवळाऊ गाय अडली आहे, पहिलं वेत. मी निघालो. वाटेत नाल्यावर रपटा होता आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी वावरातली काळी माती त्यावर आणून टाकलेली. रपटा चढताना उशीर होतोय म्हणून मी मूठ पिळली. मागचं चाक सरकलं. घाबरून हँडल वळलेलं असतानाच पुढचा ब्रेक कचकन ओढला. पुढचं चाक गेलं, गाडी अंगावर आली. हासळीचं, म्हणजे गळ्याखालचं हाड मोडलं, सायलेन्सरने पोटरी भाजली, ती खूण अजून आहे. लोकांनी मला बंडीत घालून आणलं. त्या गाईकडे त्या रात्री कोणीच पोचलं नाही. वासरू पोटातच मेलं.

गाडी वाईट नव्हती. ती माझ्या हाताच्या पुढची होती. शेतकरी नवा गोऱ्हा कामाला लावताना त्याला जुन्या बैलाच्या जोडीला जुंपतो. शिकणारा नवा आणि ओढणाराही नवा, अशी जोडी कोणी जुंपत नाही. तू नवी आहेस, तर गाडी तरी जुन्या बैलासारखी पाहिजे.

दादा म्हणतो ती दोनशे सीसीची गाडी, समज पल्सर एनएस २००, चोवीस हॉर्सपॉवरच्या आसपास, वजन दीडशे किलोच्या वर. बुलेटचं ३५० घेतलं तर ताकद वीसच्या आसपास, पण वजन १९५ किलो. आणि स्प्लेंडर म्हणशील तर ९७ सीसी, आठ हॉर्सपॉवर, ११२ किलोच्या जवळपास. फरक कुठे कळतो ते सांगतो. खड्ड्यात चाक आदळलं की अंग मागे जातं आणि अंगासोबत मूठही मागे फिरते. नव्या माणसाचं हे होतंच, कारण तो हँडलला लटकून बसतो. आठ हॉर्सपॉवरची गाडी अशा वेळी थोडी गुरगुरते, एवढंच. चोवीसची पुढे उसळते. अंग आणखी मागे जातं, मूठ आणखी फिरते. आणि वजनाचं म्हणशील तर पांदणीत गाडी आडवी पडली, आजूबाजूला पऱ्हाटीशिवाय कोणी नाही, तेव्हा ती तुला एकटीला उचलता आली पाहिजे. शोरूममध्ये दोन्ही पाय टेकतात का ते बघ. गाडी दहा पावलं मागे ढकलून बघ. हे जमत नसेल तर कितीही आवडली तरी सोडून दे.

तेव्हा १०० ते १२५ सीसीमधली घे. जुनी मिळाली तर उत्तमच, पडली झडली तरी जीव हळहळणार नाही. घेताना टायर, चेन आणि ब्रेकचे लायनर मेकॅनिकला दाखव. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं. एबीएस म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. नव्या माणसाला त्याचा आधार होतो. वर्ष-दीड वर्षाने हात बसला की मोठी घे, मी स्वतः तुझ्यासोबत शोरूमला येईन.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त सतावते आहे ती. तू पाच वर्षं स्कूटी चालवली आहेस. तुला वाटतं अर्धं शिकून झालं. उलट आहे. स्कूटीला दोन्ही ब्रेक हातात असतात. समोर कुत्रं आलं की तुझी दोन्ही हातांची बोटं आपोआप आवळली जातात, डावी तर आधी. मोटारसायकलला डाव्या हातात क्लच आहे. तीच सवय इथे चालवलीस तर डाव्या हाताने इंजिन चाकापासून सुटेल आणि गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी धावेल. मागचा ब्रेक उजव्या पायाखाली आहे आणि तुझ्या उजव्या पायाला आजवर काही कामच नव्हतं. ही सवय समजावून मोडत नाही. पायाला आणि बोटांना पुन्हा पुन्हा करायला लावूनच मोडते.

म्हणून पहिले पंधरा दिवस रस्त्यावर यायचंच नाही. आठवडी बाजाराचं मैदान बाकीचे सहा दिवस रिकामं असतं. तिथे आधी नुसता क्लच. पहिला गिअर टाक, मुठीला हात लावू नकोस, क्लच इतका हळू सोड की गाडी कुठे पकडते ते कळलं पाहिजे. तिथेच थांब, पुन्हा दाब. पन्नास वेळा कर, कंटाळा येईपर्यंत. मग माणूस चालतो त्या वेगाने गाडी चालव, पाय न टेकता. मग आठचा आकडा. जोरात गाडी कोणालाही सरळ धरता येते, कारण वेग तिला उभी ठेवतो. हळू चालवताना ती तुला उभी ठेवावी लागते. गर्दीच्या बाजारातून, चिखलातून, गुरांच्या कळपातून जाताना तुला हेच लागणार आहे.

मग ब्रेक. जमिनीवर चुन्याची रेघ मारायची आणि वीसच्या वेगाने येऊन रेघेवर ब्रेक लावायचा. मग तीस, मग चाळीस. "पुढचा ब्रेक लावू नको, पडशील," असं तुला पन्नास लोक सांगतील. ते खोटं आहे. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे येतं, म्हणून थांबवायचं बरंचसं काम पुढचंच चाक करतं. मी पडलो तो पुढच्या ब्रेकमुळे नाही. हँडल वाकडं असताना, चिखलात, एकदम ओढला म्हणून पडलो. हँडल सरळ, नजर समोर, पायाने मागचा दाब आणि पुढचा आवळत ने. कसा, तर धार काढताना सडावर मूठ कशी एकेक बोटाने आवळत जाते, तसा. हिसका दिला की गाय लाथ मारते, गाडीही तेच करते. चुना, गिट्टी किंवा ओली काळी माती खाली असेल तर पुढच्यावरचा हात अजून हलका.

मैदानात एक गोष्ट तुझ्या डोळ्यांनी बघ. वीसला किती पावलांत थांबलीस ते मोज आणि चाळीसला किती. दुप्पट नाही, चौपटीच्या जवळ जाईल. साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर जाते, म्हणजे जुंपलेल्या तीन बंड्या एकामागे एक उभ्या केल्या तर तेवढं अंतर. ते अंतर नुसतं दचकण्यात जातं, ब्रेक त्यानंतर लागतो.

गिअरचंही लक्षात ठेव. स्प्लेंडरसारख्या चार गिअरच्या गाडीत सगळे गिअर पुढे पंजाने दाबून चढतात. दादाच्या गाडीत पहिला खाली आणि बाकीचे वर. तुझ्या गाडीवर हात बसला आणि एखाद्या दिवशी घाईत त्याची घेतलीस, तर वाढवायला म्हणून दाबशील आणि गिअर उतरेल, मागचं चाक धरून बसेल. निघण्याआधी अंगणातच एकदा मोठ्याने म्हणून घे, या गाडीचं उलटं आहे.

लायसनचं थोडक्यात. तुझं बिनगिअरचं आहे, ते गिअरच्या गाडीला चालत नाही. आजच शिकाऊ काढ, पक्क्याच्या परीक्षेआधी किमान तीस दिवस जावे लागतात. हेल्मेट आयएसआयचं, पट्टा हनुवटीखाली बांधलेला. उन्हासाठी दुपट्टा बांधशील तो हेल्मेटच्या आत आणि टोकं कुर्त्यात खोचलेली. लोंबता दुपट्टा मागच्या चाकात गेलेला मी पाहिला आहे, त्याचं वर्णन लिहीत नाही.

आपल्या रस्त्यांचं वेगळं सांगतो, हे तुला कोणी शिकवणार नाही. सोयाबीन निघालं की रस्त्यावर कुटार पडलेलं असतं. दिसायला भुसा, पण चाकाखाली तेलासारखं. त्यावर ना ब्रेक, ना वळण, मूठ सोडून सरळ निघून जायचं. दिवाळीनंतर जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या ट्रॉल्या, बहुतेकींना मागे दिवा नसतो, आणि अंधारात ट्रॉली जवळ येईपर्यंत कळत नाही. दिवेलागणीला रोही, म्हणजे नीलगायी, रस्ता ओलांडतात. एक गेला की मोकळं झालं असं समजू नकोस, मागे कळप असतो. रानडुकराचं तेच. जूनमध्ये काळी माती चाक आणि मडगार्डच्या मधे भरून चाक जाम होतं. डिक्कीत एक काडी ठेव, उतर आणि काढ. मूठ पिळून काढायला जाऊ नकोस. तळेगावला मोठा हायवे ओलांडताना थांबून, पाय टेकून, दोन्हीकडे बघ, ट्रक लांबून वाटतो त्याच्या दुप्पट वेगाने येतो.

आणि डबा. पहिला महिनाभर गाडीवर काही बांधू नकोस. मग दहा लिटरचा पाण्याचा कॅन मागे एका बाजूला बांधून मैदानात तेच आठचे आकडे कर. एका बाजूला वजन असलं की हळू वळताना गाडी तिकडे झुकते. हे कंटेनर बांधल्यावर रस्त्यात कळायला नको.

कोणी म्हणेल गाय मरते आहे, लवकर या. तुझं काळीज हलेल, माझंही हलायचं. तरी वेग तोच ठेव जो काल होता.

रविवारी सकाळी सहाला बाजाराच्या मैदानात ये. माझी जुनी गाडी घेऊन येतो, चुनाही मीच आणतो. चप्पल नको, घोट्यावर येणारे बूट घाल. दादालाही सोबत आण, त्याचा ब्रेक मला बघायचा आहे.

तुझा काका