सीए-१२५ वाढले, पण गाठ साधी आहे

प्रश्न : माझे वय ३४ आहे. पाळीत ओटीपोट फार दुखते म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा डाव्या अंडाशयात ५ सेंटिमीटरची ‘चॉकलेट सिस्ट’ दिसली. कर्करोगाच्या शंकेने करतात ती सीए-१२५ ही रक्तचाचणी ७८ आली असून अहवालावर ३५ पर्यंतचे प्रमाण सामान्य असल्याचे छापले आहे. कर्करोगाची नसलेली गाठ हा आकडा वाढवू शकते का? घरात सगळेच धास्तावले आहेत.

उत्तर : होय, वाढवू शकते, आणि चॉकलेट सिस्ट हे तर त्याचे नेहमी आढळणारे कारण आहे. सीए-१२५ हे प्रथिन केवळ कर्करोगाच्या पेशीच बनवतात असे नाही. पोटाच्या आतील पडदा, फुप्फुसाचे आवरण आणि गर्भाशयाचे अस्तर यांच्या पेशीही ते बनवतात, आणि या भागांना दाह झाला की रक्तातील त्याचे प्रमाण चढते. चॉकलेट सिस्टमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी अंडाशयात रुजलेल्या असतात, दर पाळीला तेथे रक्तस्राव होतो, ते रक्त साचून घट्ट तपकिरी होते (नाव त्यावरूनच पडले) आणि भोवतालचा पडदा सतत चिडलेला राहतो. अशी गाठ फुटल्यास आकडा हजारापलीकडेही जाऊ शकतो. नुसत्या पाण्याने भरलेल्या गाठीत मात्र तो बहुधा वाढत नाही.

आपण रक्त पाळीच्या दिवसांत दिले होते का, हे आठवून पाहावे, कारण तेवढ्यानेही प्रमाण वाढते. गरोदरपण, फायब्रॉइड (गर्भाशयातील साध्या गाठी) आणि आपल्याकडे विशेष लक्षात ठेवावा असा पोटाचा क्षयरोग हीदेखील कारणे आहेत. पोटात पाणी आणि चढलेले सीए-१२५ पाहून कर्करोगाच्या संशयाने शस्त्रक्रिया करावी आणि निदान क्षयाचे निघावे, असे घडते.

उलट, अंडाशयाच्या कर्करोगाच्या पहिल्या टप्प्यात सुमारे निम्म्या रुग्णांत ही चाचणी सामान्य येते. म्हणून पाळी चालू असलेल्या वयात या आकड्यापेक्षा सोनोग्राफीतील वर्णनाला, म्हणजे गाठीत घन भाग, जाड पडदे किंवा पोटात पाणी आहे का याला, मी अधिक महत्त्व देईन. आई, बहीण वा मावशीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. चाचणी पुन्हा करायची झाल्यास पाळी संपल्यावर, त्याच प्रयोगशाळेत करावी. शस्त्रक्रियेचा विषय निघाला आणि आपल्याला पुढे मूल हवे असेल, तर ते आधीच स्पष्ट सांगावे. गाठ काढताना अंडाशयातील बीजांचा साठाही काहीसा घटू शकतो.