इनसेट दारांसाठी कर्ज काढावं का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. स्वयंपाकघर आणि दोन खोल्या मिळून कपाटांची 34 दारं करायची आहेत आणि सुताराने तीन हिशेब दिलेत. सांगाड्याच्या कडा पूर्ण झाकणारी, सपाट लॅमिनेटची दारं घेतली तर सगळं काम 100 धरू. तशीच बसणारी, पण एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) शेकर दारं, म्हणजे चारही कडांना पट्टी आणि मध्ये खोलगट सपाट भाग असलेली, घेतली तर 125. आणि भरीव लाकडाची, चौकटीच्या आत बसणारी इनसेट दारं घेतली तर 190. तुमच्याकडे या कामासाठी बाजूला ठेवलेले आहेत 110. उरलेल्या 80 साठी 12 टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज काढून ते तीन वर्षांत फेडायचं, की सहा महिन्यांच्या घरखर्चाची ठेव मोडायची, असं तुम्ही विचारताय. "दारं काही पुन्हा पुन्हा होत नाहीत," असंही लिहिलंय.

ठेवीला हात लावू नका आणि कर्जही काढू नका. इनसेटचा मोह मला कळतो. दार बंद झालं की चौकट आणि दार एका पातळीत येतात आणि भोवती एकसारखी बारीक रेघ दिसते. सुतारकामातलं ते देखणं काम आहे, यात वाद नाही. पण त्या रेघेसाठी तुम्ही काय मोजणार आहात ते बघू.

80 वर तीन वर्षांत साधारण 16 व्याज जाईल. म्हणजे 190 चं काम 206 ला पडेल, सपाट दारांच्या दुपटीहून जास्त. आणि ती तीन वर्षं दर महिन्याला हप्ता जात राहील. ठेव मोडली तर हप्ता नाही, पण नोकरीत खंड पडला किंवा घरात आजारपण आलं तर हाताशी काही नाही. मग तेव्हा कर्ज काढाल, आणि गरजेच्या वेळी काढलेलं कर्ज स्वस्तात मिळत नाही.

आता "पुन्हा पुन्हा होत नाहीत" याबद्दल. टिकायला हवा तो आतला सांगाडा, कारण तो भिंतीला खिळलेला असतो, त्यावर ओटा बसलेला असतो, तो बदलायचा म्हणजे अख्खं घर उसकटायचं. दारं मात्र बदलता येतात. तुमच्या घरातलं एखादं कपाट उघडा आणि बिजागरी नीट बघा. दाराच्या पाठीत एक गोल वाटी बसलेली दिसेल. बहुतेक आधुनिक बिजागऱ्यांत तिचा व्यास 35 मिलिमीटर असतो. त्यामुळे दहा-बारा वर्षांनी त्याच मापाची, त्याच जागी भोकं पाडलेली नवी दारं करून घेतली की सांगाड्याला धक्का न लावता कपाटाचं रूप पालटतं. आज शेकर नाही घेतलं म्हणून ते कायमचं हुकत नाही. उलट इनसेट हा निर्णय मात्र सांगाड्याशी बांधलेला असतो. बिजागरीचा हात वेगळा, दाराचं माप वेगळं, आणि दाराची जाडी, म्हणजे साधारण 18 ते 20 मिलिमीटर, आतल्या खोलीतून वजा. पुढे चौकट असेल तर ड्रॉवरही अरुंद होतात.

यात आणखी एक खर्च आहे, जो कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेला नसतो. माझ्या घरी भरीव लाकडाचं एक इनसेट कपाट होतं. दमट हवेत त्याचं दार वरच्या कोपऱ्यात चौकटीला घासायला लागलं. सुताराने येऊन रंधा मारला, पॉलिशचा हात फिरवला, दार मोकळं झालं. हवा कोरडी झाली तशी त्याच बाजूला एवढी फट पडली की आत ठेवलेल्या पुस्तकांच्या कडा दिसायच्या. पुढच्या वर्षी पुन्हा सुतार. दोष त्याचा नव्हता. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळपास नाहीच. पाच तुकड्यांचं दार, म्हणजे दोन उभ्या पट्ट्या, दोन आडव्या आणि मधली फळी, ही रचना त्यासाठीच आहे: मधली फळी खाचेत मोकळी राहते, चिकटवत नाहीत. पण उभ्या पट्ट्यांची रुंदीही हवेबरोबर थोडी हलतेच. कडा झाकणाऱ्या दारात ही हालचाल कोणाला दिसत नाही. इनसेटमध्ये फटच जेमतेम दोन मिलिमीटरची असते, तिथे ती लगेच दिसते. 34 दारांना ही देखभाल लागू केली तर काय होईल, तुम्हीच बघा.

एमडीएफची शेकर दारं या बाबतीत शांत असतात, रंगही छान धरतात. एकाच फळीतून कोरलेलं असेल तर कोपऱ्याच्या सांध्यावर रंगाला पडणारी केसासारखी चीरही येत नाही. त्यांचं वैर पाण्याशी: सिंकखालच्या दाराची खालची कड नीट सील केली नसेल तर ती फुगते आणि परत बसत नाही. शेगडीजवळ शेकरच्या आतल्या कडेवर तेलकट धूळ साचते, तीही रोज कोणीतरी पुसायची असते. हे तुमच्या घरात कोण करणार, ते ठरवताना घरातल्या सगळ्यांना विचारा.

म्हणून मी असं सुचवेन. बसल्या जागेवरून नजरेत येणारी दारं मोजा. समजा नऊ निघाली. ती शेकर करा, बाकीची 25 त्याच रंगात सपाट ठेवा. शेकरचे जास्तीचे 25 हे 34 दारांवर आहेत, नऊ दारांवर ते साडेसहाच्या आसपास येतात. काम 107 पर्यंत जातं. उरलेले 3 बिजागऱ्यांवर खर्च करा. दाराला वर-खाली, डावी-उजवीकडे आणि आत-बाहेर सरकवता येणारी चांगली बिजागरी घ्या, आणि उंच दारांना दोनवर भागवू देऊ नका. पैसे वाचवायचे म्हणून सांगाड्याचं प्लाय मात्र हलकं करू नका. दार दिसतं आणि सांगाडा दिसत नाही, म्हणून हीच काटकसर सगळ्यात सोपी वाटते.

इनसेट फारच मनात असेल तर एकच कपाट तसं करा, बैठकीतलं, आणि तेही पुढच्या वर्षी, साठवलेल्या पैशांतून.

सुताराकडून नवा हिशेब घेताना सांगाडा, दारं, बिजागऱ्या आणि फिनिशिंग असे चार आकडे वेगळे मागा. एकच मोठा आकडा असला की तुलना कशाशी करणार? आणि आगाऊ रक्कम देण्याआधी ठरल्या मालाचं एक पूर्ण दार बनवून मागा, त्याचे वेगळे पैसे द्यावे लागले तरी द्या. ते सिंकजवळ आठवडाभर उभं ठेवा, ओल्या हाताने हाताळा, मग खालच्या कडेवरून बोट फिरवून बघा. कड गुळगुळीत राहिली असेल तर आगाऊ रक्कम द्या.