वाफा रिकामा राहू नये म्हणून

प्रश्न : आमच्या भाजीबागेची जागा सहा मीटर लांब आणि तीन मीटर रुंद आहे. काही आठवडे संपणार नाही इतकी भाजी येते आणि मग दोन-तीन महिने हाती काहीच लागत नाही. माती चिकण असून पाणी दिल्यावर तिचा चिखल होतो आणि वाळली की भेगा पडतात. तिच्यात वाळू मिसळावी का? वर्षभर थोडी थोडी भाजी मिळावी यासाठी आखणी कशी करावी?

उत्तर : वाळूचा विचार आधी सोडून द्यावा. चिकण मातीचा पोत वाळूने बदलायचा तर ती फार मोठ्या प्रमाणात लागते. थोडीच घातली, तर मातीचे बारीक कण वाळूमधल्या पोकळ्या भरून टाकतात आणि वाफा पूर्वीपेक्षा घट्ट होतो. अशा मातीला खरा उपाय सेंद्रिय पदार्थांचाच. कुजलेल्या पदार्थांवर जगणारे सूक्ष्मजीव, बुरशी आणि गांडुळे मातीच्या कणांना एकत्र बांधून त्यांची रवाळ घडण करतात आणि त्या रव्यांमधल्या जागेतून हवा व पाणी खेळू लागते. यासाठी दरवर्षी २ ते ३ सेंटीमीटर जाडीचा, पूर्ण कुजलेल्या कंपोस्टचा थर वाफ्यावर पसरावा. तो खोल खणून पुरण्याची गरज नाही. माती ओली असताना मात्र तिच्यावर पाय पडू देऊ नये, कारण वर्षभर घातलेल्या खताचा गुण त्या दाबाने वाया जातो.

म्हणूनच वाफे आणि वाटा कायमच्या ठरवून टाकाव्यात. आपल्या जागेत १.२ मीटर रुंद आणि ३ मीटर लांब असे चार वाफे आणि त्यांच्यामध्ये ४० सेंटीमीटरच्या तीन वाटा नेमक्या बसतात. पहिल्या वाफ्यात टोमॅटो, वांगी, मिरची. दुसऱ्यात कोबी, फ्लॉवर, मुळा. तिसऱ्यात काकडी, भोपळा अशा वेलभाज्या आणि चौथ्यात वाटाणा, घेवडा अशा शेंगभाज्या घ्याव्यात, आणि दरवर्षी प्रत्येक गट एक वाफा पुढे सरकवावा. एकाच कुळातल्या पिकांवर बहुधा त्याच किडी आणि तेच रोग येतात, त्यामुळे हा बदल टाळू नये. शेंगभाज्यांच्या मुळांवरील गाठींमध्ये हवेतील नत्र साठवणारे जिवाणू राहतात. म्हणून काढणीनंतर झाड उपटू नये, बुडाशी कापून मुळे जमिनीतच राहू द्यावीत.

आता भाजी एकदम येण्याविषयी. सगळे बी एकाच दिवशी पेरले की सगळी भाजी एकाच वेळी काढणीला येते. मुळा, पालक, कोथिंबीर यांचे बी दर दोन-तीन आठवड्यांनी फक्त एकेका ओळीपुरते पेरावे. मुळ्याच्या लवकर येणाऱ्या जाती २५ ते ३० दिवसांत तयार होतात, त्यामुळे कोबीची रोपे पसरण्याआधी मधल्या जागेत मुळ्याचे एक पीक सहज निघते. भाजी कधी हवी ते आधी ठरवून तिथून मागे दिवस मोजावेत. थंडीत वाढ मंदावते, म्हणून तेव्हा दोन-तीन आठवडे जास्त धरावेत. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती रोपांची तयारी. वाफ्यातले पीक उभे असतानाच पुढच्या पिकाची रोपे ट्रेमध्ये चार-पाच आठवडे वाढवलेली असली, तर काढणी आणि लावणी यांत दोन दिवसांचेच अंतर राहते. तरीही एखादा वाफा मोकळा राहणारच असेल, तर त्यात हिरवळीचे पीक पेरावे आणि ते फुलोऱ्यावर येताच कापून मातीत मिसळावे. त्यानंतर लावणीपूर्वी दोन-तीन आठवडे थांबावे.

प्रश्न : माती भुसभुशीत व्हावी म्हणून तिच्यात लाकडाचा भुसा मिसळला, तर रोपे पिवळी पडली. भुसा विषारी असतो का?

उत्तर : रंग किंवा रसायने न लावलेल्या लाकडाचा भुसा असेल, तर बहुतेक वेळा हे नत्राच्या तुटवड्याचे लक्षण असते; खालची जुनी पाने आधी पिवळी पडली असतील तर ते अधिकच संभवते. भुशात नत्राच्या मानाने कर्ब कित्येक शे पट असतो, आणि तो कुजवणारे सूक्ष्मजीव आपल्याला लागणारे नत्र मातीतून उचलतात. सध्या भरपूर नत्र असलेले, चांगले कुजलेले खत द्यावे. पुढे भुसा मातीत मिसळू नये, वर आच्छादन म्हणून पसरावा किंवा हिरव्या पाल्याबरोबर कंपोस्टच्या ढिगात घालावा.