आयुष्य पोसणारी मुळे आणि रक्त पातळ करणारी गोळी

प्रश्न : माझे यजमान ७२ वर्षांचे आहेत. हृदयात कृत्रिम झडप बसवल्यापासून ते रोज रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी घेतात. सिंगापूरला असलेल्या आमच्या मुलीने तिथल्या चिनी औषधांच्या दुकानातून तीन पुड्या पाठवल्या आहेत : लाल सुकी गोजी फळे, अमेरिकन जिनसेंगच्या पांढरट चकत्या आणि ‘हे शौ वू’ नावाच्या मुळाचे काळपट काप. तिथली वयस्कर माणसे ताकद टिकावी म्हणून हे वर्षानुवर्षे घेतात, असे ती सांगते. आपल्या च्यवनप्राशासारखेच असेल, तर द्यायला हरकत आहे का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुलीने मायेने पाठवलेल्या वस्तूंबद्दल असे लिहिणे जिवावर येते, पण यातली एकही पुडी यजमानांसाठी उघडू नका.

च्यवनप्राशाची तुम्हाला झालेली आठवण मात्र अगदी योग्य आहे. शेन्नोंग या पुराणकथेतल्या राजाच्या नावावर असलेल्या प्राचीन चिनी औषधग्रंथात ३६५ औषधे तीन वर्गांत मांडलेली आहेत आणि त्यांतला पहिला वर्ग आयुष्य पोसणाऱ्या, दीर्घकाळ घेता येणाऱ्या द्रव्यांचा आहे. चिनी जिनसेंग आणि गोजी त्याच वर्गात येतात. आपल्या आयुर्वेदातल्या रसायन-चिकित्सेशी या विचाराचे नाते जवळचे आहे. परंतु चिनी वैद्य दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून नाडी पाहतो, जीभ पाहतो आणि मग त्या एका माणसासाठी अनेक द्रव्यांचा काढा लिहून देतो. दुकानातून सुट्या पुड्या आणल्या की त्या परंपरेतली ही सगळी काळजी गळून पडते.

गोजी हे चीनमध्ये निम्मे अन्नच आहे. निंगशिया प्रांतातली ही फळे लोक सूपमध्ये घालतात, थर्मासमधल्या गरम पाण्यात टाकून दिवसभर घोटघोट पितात. निरोगी माणसाने चमचाभर खाल्ली तर मला त्यात वावगे वाटत नाही. मात्र २००१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ६१ वर्षांच्या एका चिनी बाईंची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याही वॉर्फरिन घेत होत्या आणि त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा, २ ते ३ च्या दरम्यान स्थिर होता. गोजीचा दाट चहा रोज तीन-चार पेले पिऊ लागल्यावर तो ४.१ वर गेला. आयएनआर असा चढला की रक्तस्रावाचा धोका वाढतो.

जिनसेंगच्या चकत्यांची गोष्ट नेमकी उलटी आहे. अमेरिकन जिनसेंग मूळचे उत्तर अमेरिकेतले असले, तरी अठराव्या शतकापासून ते जहाजांनी चीनला जात आले आणि तिथल्या औषधांत रुळले. २००४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या चाचणीत त्याने वॉर्फरिनचा परिणाम कमी केल्याचे दिसले. कृत्रिम झडप असलेल्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ झडपेवर गुठळी धरण्याची भीती, असा होतो. ‘एक वाढवते, दुसरे कमी करते, म्हणजे हिशेब जुळला’ असे कृपया समजू नका. कोणत्या दिवशी कोणते किती काम करेल, हे कोणीच सांगू शकत नाही.

मला सर्वांत जास्त काळजी तिसऱ्या पुडीची वाटते. ‘हे’ आडनावाच्या एका म्हाताऱ्याचे पांढरे केस या मुळाने पुन्हा काळे झाले, अशी चिनी दंतकथा आहे आणि त्यावरूनच मुळाला नाव पडले. कच्चे मूळ काळ्या सोयाबीनच्या रसात उकडून, वाफवून वापरण्याची पद्धत आहे, कापांचा काळपट रंग त्यामुळेच येतो. तरीही या मुळाने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत, आणि त्यांत तयार केलेले मूळ घेणारेही आहेत. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २००६ मध्ये तसा इशारा दिला होता. वॉर्फरिनचे विघटन यकृतात होते आणि रक्त गोठवणारे बरेचसे घटकही तिथेच तयार होतात, त्यामुळे यकृत बिघडले तर यजमानांचा सगळाच तोल जाईल. हे काप तुम्हीसुद्धा घेऊ नका.

मुलीला काही पाठवायचेच असेल, तर सिंगापूरच्या बागांतून सकाळी ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम करणाऱ्या वृद्धांची एखादी चित्रफीत पाठवायला सांगा. नियमित ताई चीने म्हातारपणातले पडणे कमी होते, याला चांगल्या चाचण्यांचा आधार आहे. आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याच्या डोक्याला पडून मार लागला, तर आत रक्तस्राव होण्याची भीती असते, म्हणून यजमानांना याचा उपयोग विशेष आहे. हृदयरोगतज्ज्ञांना विचारून, शिक्षकाच्या देखरेखीखाली, सुरुवातीला खुर्चीच्या पाठीचा आधार घेऊन ते शिकता येईल.

यांपैकी काही त्यांच्या पोटात आधीच गेले असेल, तर वॉर्फरिनचा डोस स्वतःहून कमी-जास्त करू नका. उद्याच डॉक्टरांना कळवा, आयएनआर तपासून घ्या आणि तिन्ही पुड्या वेष्टनासकट त्यांच्यासमोर ठेवा. हे शौ वू घेतले गेले असेल, तर यकृताची तपासणीही करायला सांगा. लघवी गडद होणे, डोळे पिवळे दिसणे, अन्नावरची वासना उडणे, हिरड्यांतून रक्त येणे, शौचाला काळे होणे, अचानक बोबडी वळणे किंवा एक हात लुळा पडणे, यांपैकी काहीही दिसले तर उद्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.