गोड सोडले, तरी साखर का वाढते?

प्रश्न : मी यावल तालुक्यात आरोग्यसेविका आहे. मधुमेहाचे रुग्ण म्हणतात, "ताई, गोड तर केव्हाच सोडलं," तरीही तपासणीत साखर वाढलेली निघते. तहान आणि थकव्याचे खापर ते उन्हावर फोडतात. त्यांना कसे समजवावे?

उत्तर : गोड सोडले की पथ्य पाळले, हा समज आधी दूर करावा आणि त्यासाठी त्यांच्याच ताटापासून सुरुवात करावी. भाकरी, पोळी, भात यांचीही पचनानंतर साखरच होते. त्यामुळे बिनसाखरेचा चहा घेणारा माणूस कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) तीन-चार भाकरी खात असेल, किंवा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस वाट्यावर वाट्या घेत असेल, तर साखर वाढणारच. मात्र सगळा दोष ताटाला देऊ नये. गोळ्या चुकणे, ताप, जंतुसंसर्ग, मनावरचा ताण आणि स्टेरॉइडची औषधे यांनीही साखर चढते, म्हणून रुग्णाला बोल लावण्यापूर्वी मागच्या आठवड्यात काय काय घडले ते विचारावे. इन्सुलिनची कुपी घरात कोठे ठेवली आहे, हेही पाहावे, कारण पत्र्याच्या घरातील उन्हाळी उष्म्याने इन्सुलिनचा गुण जातो.

आता उन्हाविषयी. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीवाटे बाहेर पडू लागते आणि सोबत पाणीही ओढून नेते. केवळ उन्हाने शरीरातील पाणी घटले, तर लघवी कमी आणि गडद पिवळी होते. साखर वाढलेली असताना मात्र घशाला कोरड असूनही लघवी भरपूर होते. म्हणून "रात्री लघवीला किती वेळा उठता?" हा प्रश्न अवश्य विचारावा. ही तहान उसाच्या रसाने भागवली तर साखर आणखी चढते, हे आपल्याकडे आवर्जून सांगायला हवे. अंधुक दिसणे, जखम न भरणे, वजन उतरणे हीही लक्षणे आहेत. गुप्तांगाची खाज स्त्रिया संकोचाने सांगत नाहीत, ती एकांतात विचारावी. अनेकांना काहीच जाणवत नाही, त्यामुळे बरे वाटत असले तरी तपासणी टाळू देऊ नये.

उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास किंवा गुंगी दिसल्यास रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात हलवावे. तापात जेवण जात नाही म्हणून इन्सुलिन परस्पर बंद करणाऱ्यांना हा धोका विशेष असतो. अशा वेळी डोस किती घ्यायचा, हे त्यांनी डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे.