वाचकांचे प्रश्न : जेवणाच्या सुट्टीत बंद पडणारा जनरेटर

प्रश्न : कारखान्यात 125 आणि 62.5 केव्हीएचे दोन डिझेल जनरेटर एकाच बसबारवर (दोघांची वीज एकत्र येते त्या सामाईक पट्टीवर) चालतात. भार 90 किलोवॉट असला की तक्रार नसते. जेवणाच्या सुट्टीत भार 20 किलोवॉटवर येतो आणि लहान संच ‘रिव्हर्स पॉवर’ (वीज उलटी संचात शिरणं) दाखवून ट्रिप होतो. ट्रिप करणारा संरक्षक रिले बदलून पाहिला, फरक नाही. दोन संचांमध्ये कंट्रोल केबल नाही. (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : रिले त्याचं काम चोख करतोय. दोष बहुधा गव्हर्नरच्या, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या, सेटिंगमध्ये आहे.

केबल नसताना दोन्ही संचांना एकमेकांची खबर लागते ती इंजिनाच्या वेगाबरोबर बदलणाऱ्या फ्रिक्वेन्सीवरून. भार वाढला की प्रत्येक गव्हर्नर वेग ठरावीक प्रमाणात उतरू देतो, हाच ड्रूप. 4 टक्के ड्रूप म्हणजे रिकामा असताना 52 हर्ट्झ, पूर्ण भाराला 50. पॉवर फॅक्टर (किलोवॉट आणि केव्हीए यांचं गुणोत्तर) 0.8 धरला तर तुमचे संच 100 आणि 50 किलोवॉटचे. दोन्ही 52 वर लावलेले असतील तर 90 किलोवॉटला फ्रिक्वेन्सी 50.8 होते आणि वाटणी 60–30 अशी पडते.

आता समजा लहान संच 51 वरच लावलेला आहे. 90 किलोवॉटला वाटणी साधारण 77–13. मीटर निरखून पाहिला नाही तर हे खपून जातं. पण 20 किलोवॉटला बसबार 51.4 वर स्थिरावतो. म्हणजे लहान संचाच्या रिकाम्या वेगापेक्षाही वर! मग मोठा 30 किलोवॉट देतो, त्यातले 10 लहान संचात शिरतात, आणि त्याचा अल्टरनेटर मोटर होऊन इंजिनालाच फिरवू लागतो.

प्रत्येक संच एकटा, रिकामा आणि गरम झाल्यावर 52.0 वर लावा. मग निम्मा भार द्या, 51.0 दिसलं पाहिजे. न दिसल्यास आधी ड्रूप जुळवा, मग वेग. या जागी बहुतेक जण फक्त वेगाचा स्क्रू फिरवतात आणि महिन्याभरात पुन्हा तिथेच येतात. तसंही सुट्टीत मोठा संच बंद ठेवलेला बरा. 20 किलोवॉट म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा. इतक्या कमी भारावर डिझेल नीट जळत नाही आणि सायलेन्सरमध्ये काजळी साठते.

प्रश्न : मग ड्रूप शून्य करून दोन्ही संच 50 वरच बांधले तर? (तेच वाचक)

उत्तर : केबलशिवाय अजिबात नको. एकाचा सेन्सर 0.01 हर्ट्झ जरी चुकला तरी एक वेग वाढवत राहील, दुसरा घटवत. शेवटी एक पूर्ण भारावर आणि दुसरा उलट्या पॉवरवर. फ्रिक्वेन्सी 50 च हवी असेल तर लोड-शेअरिंग लाइन टाका. तिच्यावरून प्रत्येक कंट्रोलर आपल्या क्षमतेच्या किती टक्के भार उचलतोय ते दुसऱ्याला कळवतो आणि टक्के सारखे होईपर्यंत आपला वेग सुधारतो. ही लाइन तुटली की कंट्रोलर आपोआप ड्रूपवर परतेल, अशी सेटिंग मात्र आधी करून घ्या.